गोदाबाईचा दोरवाला

आगरदांड्यात भागोजीला कुणी बसलेला पाहिला असेल तर त्यानं पुढं यावं, नलूच्या टपरीवर त्याला चहा फुकट! अहो, हा माणूस जेवायचासुद्धा उकिडवा, कुणी हाक मारली तर ताटावरून तसाच धावत सुटेल असा. सकाळी उठला की जेट्टीवर. जेट्टीवरून घरी. घरून पुन्हा जेट्टीवर. मधेच मुरुडच्या एस.टी.त चढायचा, रिकामी सीट सोडून दांडीला धरून उभा राहायचा आणि थोडं पुढं गेलं की उतरून चालत माघारी यायचा. कंडक्टर विचारायचा, "आजोबा, जायचंय तरी कुठं?" हा म्हणायचा, "त्येच तर बघतोय."

त्याची बायको मनुबाई पार कातावली होती. "अवो, पायाला भिंगरी लावून घेतलीत का काय? जरा टेका की कुठं तरी!" पण टेकायचं कसं ते भागोजीला ठाऊकच नव्हतं. उभ्या जन्मात त्यानं एकच काम केलेलं. आगरदांड्याहून दिघीला जुनी लाँच जायची, तिच्या पुढच्या टोकावर उभं राहून दोर फेकायचा. जेट्टी जवळ आली की "दोऽऽर!" अशी आरोळी, आणि हातातलं वेटोळं सुटायचं ते थेट काठावरच्या खुंटात. माणसं उतरायची, चढायची, दोर सुटायचा, लाँच निघायची. मग गाड्या पोटात घेऊन जाणारी मोठी फेरीबोट आली. ती काठाला लागते, लोखंडी फळी टाकते आणि मोकळी होते. तिला भागोजी कशाला लागतोय! जुनी लाँच खाडीच्या गाळात रुतली आणि भागोजी घरात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसा हा दिसेल ते बांधत सुटला. बाज बांधली, शेळी बांधली, पाण्याच्या कळशीला अशी गाठ मारून ठेवली की मनुबाईला कोयता घ्यावा लागला.

आता गोदाबाईचं. जेट्टीच्या वरच्या अंगाला बर्फाचं जुनं गोदाम आहे, त्यात एक जर्मन बाई राहायची. नाव गुद्रुन. ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून गावानं तिची गोदाबाई केली, आणि तीही मुकाट ओ द्यायला लागली. सत्तरी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं मजबूत, पांढऱ्या केसांचा बुचडा आणि नखांत कायम माती. माणसं घडवायची ती. देव नाहीत, राजे नाहीत. जाळं विणणारा माणूस, मासळी निवडणारी बाई, एस.टी.ची वाट बघून कंटाळलेलं जोडपं. आधी मातीत करायची, मग साचा काढून सिमेंटात ओतायची. कित्येक वर्षांमागं जंजिरा बघायला म्हणून आली होती, दिघीला जायला लाँचची वाट बघत इथल्या जेट्टीवर उभी राहिली, आणि राहिलीच. मराठी शिकली नलूच्या टपरीवर. त्यामुळं बोलायची अगदी नलूसारखी, हाय-न्हाय, फक्त बाई कोण आणि बुवा कोण याचा पत्ता नसायचा. माती तिच्यासाठी 'तो' आणि समुद्र 'ती'.

एका सकाळी ती भागोजीच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"भागोजी, तू दोर फेक."

"कुठं? लाँच कुठं हाय?"

"माझ्या गोदामात. रोज ये. मी बघते."

दुसऱ्या कुणी विचारलं असतं, बाई, गोदामात दोर कशाला? पण भागोजीनं नाही विचारलं. काम मिळालं होतं! घरी जाऊन त्यानं माळ्यावरचा जुना दोर काढला, उन्हात टाकला, झटकला, आणि मनुबाईला ऐटीत सांगितलं, "उद्यापासून ड्युटी हाय." मनुबाईनं देवापुढं साखर ठेवली. घरातून नवरा थोडा वेळ तरी बाहेर राहणार, याहून देवानं आणखी काय द्यावं!

झालं, ड्युटी सुरू. गोदामाच्या एका टोकाला गोदाबाईनं लाकडी खुंट रोवला होता, दुसऱ्या टोकाला भागोजी. मधे बाजूला सळ्यांच्या सांगाड्यावर मातीचा पुरुषभर ढीग. भागोजी आरोळी ठोकायचा, दोर फेकायचा, जागेवरूनच झटका देऊन ओढून घ्यायचा, पुन्हा फेकायचा. मधेच ही ओरडायची, "थांब! असाच थांब!"

"दोर हवेत थांबतो व्हय कधी? तुमच्यात थांबत आसंल!"

"दोर नको थांबवू. तू थांब."

तेवढं एक त्याला जमायचं नाही. हात थांबला की पाय हलायचे, पाय थांबले की मान. गोदाबाई जर्मन भाषेत काहीतरी पुटपुटायची, भागोजी मराठीत, आणि दोघांनाही कळायचं की ही शिवी आहे. पण त्याच्या जिवाला बरं वाटत होतं, हे मात्र खरं. घरी जाऊन पोटभर जेवायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढे महिने समोर पुतळा होत होता, तो कुणाचा हे याला कळलं नाही? नाही कळलं! पुतळ्याचं तोंड खुंटाकडं, भागोजीचं तोंडही खुंटाकडं, आणि भागोजी उभा त्याच्या मागच्या बाजूला. त्याला दिसायची ती पाठ. स्वतःची पाठ कुणी पाहिलीय का कधी? काम संपलं की गोदाबाई ओली गोणपाटं गुंडाळून टाकायची, माती सुकू नये म्हणून. शिवाय भागोजीचं सगळं लक्ष खुंटाकडं. नेम चुकला असता तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

मग तो दिवस उजाडला. नलू चहाची किटली घेऊन गोदामात शिरली. पुतळ्यासमोर आली आणि एकदम थबकली. किटली खाली ठेवली. चपला काढल्या. वेणीतली अबोली काढून पुतळ्याच्या पायावर वाहिली, हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाली, "चांगला होता बिचारा. कधी गेला गो बाय? आमाला कळीवलं पन न्हाय."

"कोन गेला?" पाठीमागून भागोजीनं विचारलं.

नलूनं डोळे उघडले, समोर मातीचा भागोजी, त्याच्या खांद्यावरून डोकावणारा जिता भागोजी. तिनं अशी किंकाळी फोडली की फेरीबोटीवरची माणसं वळून बघायला लागली.

भागोजी वळसा घालून पुढं आला.  तोच होता तो. नाकाचा वाकडा शेंडा, आरोळीला उघडलेलं तोंड, त्यातला पडका दात, गळ्याच्या ताणलेल्या शिरा. सगळं होतं, फक्त डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी अंगठ्यानं दाबलेले दोन खळगे.

"डोळे कुठं हायत?" त्यानं खळग्यांकडं बोट केलं.

"डोळा शेवटी," गोदाबाई हसून म्हणाली. "डोळा सगळ्यात शेवटी."

भागोजीनं दोर तिथंच टाकला आणि निघाला. आजवर दोर टाकून तो कधी निघाला नव्हता.

हे सगळं असं का, ते सांगायला हवं. मिसरूड फुटायच्या वयात भागोजी पेणला एका गणपतीच्या कारखान्यात माती मळायला होता. तिथं डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. मूर्ती रंगून तयार झाली तरी डोळे आखेपर्यंत ती माती. कुणी तिच्यावर कपडे वाळत घालील, कुणी टेकून विडी ओढील. एकदा डोळे आखले की मात्र तिच्याकडं पाठ करून बसायचंसुद्धा नाही. कारखान्यातला म्हातारा कारागीर पोरांना दम भरायचा, "जित्या माणसाचा तोंडवळा मातीत घ्यायचा न्हाय, आन घेतलाच तर डोळे आखायचे न्हायत. डोळे आखले की माती बघाय लागते आन माणूस बघायचा थांबतो." पोरं हसायची. मग एके वर्षी भागोजीच्या जोडीदारानं, चंदरनं, मालकाच्या चुलत्याचं तोंड मातीत केलं, हुबेहूब, डोळ्यांसकट. आणि त्याच वर्षी अनंत चतुर्दशीच्या आत चुलता गेला! आता तो चुलता नव्वदीचा होता, दम्यानं खंगलेला होता, हे भागोजीला कुणी सांगावं? त्याच्या डोक्यात ते खिळा ठोकल्यासारखं बसलं ते बसलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

गावाला काय, आयतं कोलीत! दुसऱ्या दिवशी जो भेटेल तो भागोजीला हात जोडायला लागला. "काय भागोजी, आता देव्हाऱ्यात तुझा टाक बसवायचा म्हण की!" टाक बसवतात तो घरातल्या मेलेल्या वाडवडिलांचा, चांदीच्या पत्र्यावर ठसा काढून. भागोजी वरून हसला, आतून हादरला. घरी येऊन आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिला. मनुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमास्नी न्यायला यमाला पुतळा लागतोय व्हय? तो आला तरी तुमी घरात सापडायला तर हवंत!" पण त्याचा चेहरा बघून तिनं परात बाजूला सारली. म्हातारा खरंच घाबरला होता.

तो गोदाबाईकडं गेला तो थेट मुद्द्यावर आला. "बाय, डोळे आखू नगंस. पाया पडतो."

"का?"

त्यानं सगळं सांगितलं, चुलत्यासकट. ती हसली नाही. हे तिचं एक होतं, माणसाला ती कधी हसायची नाही.

"मग नाक तरी बदल. दुसऱ्याचं लाव," तो म्हणाला. "दात बशीव. म्हंजे मी न्हाय व्हनार."

"खोटा माणूस मी आता करत न्हाय, भागोजी. खूप केला."

आणि मग ती बोलली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मोडकंतोडकं, मधे मधे थांबून. तिचा बाप थडग्यांच्या दगडांवर नावं कोरायचा. लढाईनंतर तिच्या गावात एवढी नावं कोरायची होती की बापाला दुसरं काही करायला फुरसतच मिळाली नाही. तेव्हा ती म्हणाली, मी नावं नाही करणार, माणसं करणार. शिकली. पूर्व जर्मनीत त्या वेळच्या सरकारनं तिला मोठमोठी कामं दिली. हातोडा उगारलेले कामगार, गव्हाच्या पेंढ्या घेतलेल्या बाया, दोन-दोन पुरुष उंच, ब्राँझचे. सगळ्यांची नजर लांब, पुढं, आभाळाकडं. हुकूमच तसा. "एकपण कुणाकडं बघत नव्हता, भागोजी. मी एवढी माणसं केली, कुणी कुणाला बघतच न्हाय." मग ते सरकार गेलं. चौकातल्या तिच्या सर्वांत मोठ्या पुतळ्याच्या गळ्यात लोकांनी दोर घातला, क्रेन लावली आणि पाडला. ती गर्दीत उभी राहून बघत होती. पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिनंही वाजवल्या. कारण तिला माहीत होतं, तो माणूस नव्हताच.

"मग मी इथं जेट्टीवर उभी. लाँच आली. पुढं तू. दोर घेऊन. आणि तू बघत होता, इथं, माणसांकडं. मला वाटलं, हा दोर मला टाकला." ती आपल्या नखांतली माती काढत राहिली. "तोच डोळा मला पायजे. एकदाच. नंतर मी म्हातारी झाले तरी चालेल."

भागोजीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण जीव कुणाचा जाणार होता? त्याचा! "तुजं समदं खरं, बाय," तो उठत म्हणाला, "पन मला आजून जगायचं हाय."

तिनं पुतळ्यावर गोणपाट ओढलं. मग म्हणाली, "तू न्हाय म्हणाला तर मी न्हाय करणार. शब्द."

एवढा शब्द मिळाल्यावर माणसानं घोरत पडावं की नाही? भागोजी उलट जास्तच सैरभैर झाला. बाईचा काय भरवसा? कलावंत जात! एखाद्या दिवशी हात गेलाच डोळ्याकडं तर? गोदामाकडं जायचा बंद झाला, पण गोदाम दिसेल अशा ठिकाणी दिवसभर येरझारा. एस.टी. पकडून, बदलून, पार पालीला गेला. बल्लाळेश्वरापुढं उभा राहिला. देवाच्या डोळ्यांत हिरे. ते बघून त्याला आणखीच धडकी भरली. "देवा, तुजं डोळं तुला लखलाभ," तो पुटपुटला, "माजं नगंत."  भागोजी प्रसादाचा नारळ घेऊन माघारी आला, वाटभर उभाच.

उन्हाळा तापला. त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: आपणच जाऊन ते तोंड बिघडवलं तर? ओली माती, एक अंगठा फिरवला की नाक गायब. ना पुतळा, ना भागोजी. दुपारी जेट्टीवर चिटपाखरू नसताना तो गोदामात शिरला. हाक मारली, उत्तर नाही. पुतळ्याजवळ गेला, डोक्यावरचं गोणपाट ओढलं. गोणपाट कोरडं ठणठणीत होतं.

मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. एक भेग गळ्यावरून खांद्याकडं निघाली होती. भागोजीनं अंगठा उचलला आणि तसाच राहिला. समोरचा माणूस आरोळी ठोकत होता. तो लाँचवरचा भागोजी होता. मनुबाईनं ज्याला डबा भरून दिला, ज्याच्या आरोळीनं काठावरची माणसं सामान उचलायला लागायची, तो. असा भागोजी आता कुठंच उरला नव्हता, घरात तर नाहीच नाही. त्यानं गोणपाट उचललं, पिंपात बुडवलं आणि भेगेवर दाबून धरलं. मरो ती भीती, आधी माती भिजू दे! कारखान्यातली सवय, दुसरं काय. गोणपाट गुंडाळून झाल्यावर कुठं त्याच्या ध्यानात आलं की गोदाबाईनं माती कधीच सुकू दिली नसती.

ती मागच्या खोलीत जमिनीवर पडली होती. शुद्धीवर होती, पण तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. अंगावरून वारं गेलं होतं. भागोजी धावत सुटला. या खेपेला कुठं जायचं ते त्याला पक्कं माहीत होतं. नलूला उठवलं, रिक्षा बोलावली, मुरुडच्या दवाखान्यात बाईला आपल्या हातांनी उचलून नेलं.

ती बरी झाली, म्हणजे जगली. बोलणं परत आलं, हातात थोडी हालचाल आली, पण पेला धरला तर पाणी सांडायचं. जर्मनीहून भाचा आला. तिला घेऊन जाणार होता, कायमची. तोवर मनुबाई तिला पेज भरवायची, आणि भागोजी? भागोजी रोज गोदामात जाऊन पुतळ्याची गोणपाटं भिजवायचा. तोंडाकडं न बघता, मान फिरवून. ज्या मातीनं आपला जीव जाणार अशी त्याची खात्री, तीच माती तो जिवापाड जपत होता! मनुबाईनं विचारलं, "अवो, मग भिजवताय कशाला?"  तो उठून अंगणात गेला.

जायच्या आदल्या दिवशी गोदाबाई म्हणाली, "भागोजी, उद्या सकाळी माती मोडून पिंपात टाक. माती वाया नको. कुणी गणपतीवाला नेईल."

"आन पुतळा?"

"डोळा न्हाय तर पुतळा न्हाय. मी शब्द दिला ना तुला."

सुटला की हो भागोजी! नाचायला हवं होतं त्यानं. घरी आला, जेवला नाही. अंगणात गेला, घरात आला, पुन्हा अंगणात. "काय व्हतंय?" मनुबाईनं विचारलं. तो एकदम भडकला. "तिनं शब्द कशाला पाळायचा? कुणी सांगितलं व्हतं एवढं पाळायला? लबाडी केली असती तर मी मोकळा झालो नसतो?" मनुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. भागोजीचा आवाज खाली आला. "सगळा जलम मी दोर टाकला, मने. माणूस काठाला लागायच्या आत दोर सोडला न्हाय कधी. आन ही बाय अर्ध्यात चालली." आणि तो म्हातारा, बायकोसमोर, हमसून रडला.

सकाळी त्यानं अंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसला. देवाला नमस्कार केला, मनुबाईला म्हणाला, "जेवायला माजी वाट बगू नगंस. आन शेळीची गाठ जरा घट्ट हाय, जीवन आला की त्याला सोडाय सांग." जीवन म्हणजे त्यांचा मुलगा, कळंबोलीला ट्रकवर. मनुबाईनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला. तिनंही हसण्यावारी नेलं नाही.

दारात भाच्यानं आणलेली गाडी उभी होती. गोदाबाई खुर्चीत, पायाशी पेटी. भागोजी दोर खांद्यावर टाकून आत आला, पुतळ्याची गोणपाटं सोडली, आपल्या जागी गेला आणि वेटोळं हातात घेतलं.

"चल बाय. आख डोळे."

तिनं मान हलवली. "नको, भागोजी. तू मरणार."

"मरंन तर मरंन! पुढं तरी काय मोठा राजवाडा बांधायचाय मला? ऊठ. गाडी थांबंल."

भाच्यानं तिला धरून उभं केलं. उजवा हात थरथरत होता, तिनं डाव्यानं उजव्याचं मनगट धरलं. "खुंटाकडं बघ," ती म्हणाली. भागोजीनं खुंटाकडं पाहिलं नाही. आरोळी ठोकायला तोंड उघडलं, हात मागं नेला आणि बघितलं ते सरळ तिच्याकडं. लांबून काठ दिसायला लागला, काठावर कुणीतरी सामान घेऊन उभं आहे, आता त्याला घ्यायचं, असं. आणि काय आश्चर्य! ज्याला जन्मात थांबता आलं नाही, तो थांबला. ना हात हलला, ना पाय, ना पापणी. तिचा अंगठा मातीत शिरत होता, लाकडी सुरी फिरत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी अंगठा घसरला. डाव्या डोळ्याखाली, गालावर, अख्खा ठसा उमटला. ती तो पुसायला गेली.

"ऱ्हाऊ दे," भागोजी म्हणाला. "ऱ्हाऊ दे तसाच."

तिनं हात खाली घेतला. भागोजीनं डोळे मिटले आणि वाट बघितली. काही झालं नाही. बाहेर फेरीबोटीचा भोंगा वाजला. त्यानं एक डोळा उघडला. गोदाबाई त्याच्याकडं बघत होती, ओढलेल्या तोंडानं अर्धंच हसत. तिनं आपला मातीचा हात त्याच्या गालावर ठेवला, तिथंच, डोळ्याखाली. मग भाच्यानं तिला गाडीत बसवलं. भागोजी गाडीमागं जेट्टीच्या वळणापर्यंत चालत गेला आणि घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त जेवला.

साचा काढायला पेणहून चंदर आला. तोच तो, आता म्हातारा, स्वतःचा छोटा कारखाना असलेला. भागोजीनं त्याला चुलत्याची आठवण दिली तर हा पोट धरून हसला. "अरे खुळ्या, चुलता आधीच गेला व्हता! तू तेवा लावनीला गावी गेलावतास, माघारी येऊन तोंड आधी बघितलंस आन बातमी मागनं ऐकलीस. म्हातारीला, त्याच्या बायकोला, करमंना, म्हून मी त्याचं तोंड केलं. गेल्याबिगर कोन कुनाचं तोंड करतंय?"

भागोजीला हसावं की चंदरला दोरानं बांधावं ते कळेना. आयुष्यभर तो उलटं समजून बसला होता.

पुतळा सिमेंटात ओतला आणि गावानं तो जुन्या जेट्टीच्या टोकाला उभा केला. पाठ खाडीकडं, तोंड येणाऱ्या माणसांकडं. नलूनं मोबाइलवर फोटो काढून भाच्याला पाठवला. उत्तर आलं, मावशीनं फोटो बघितला, पुन्हा पुन्हा बघितला. आणि गणपती जवळ आले तेव्हा आणखी एक निरोप आला. गोदाबाई गेली. झोपेतच गेली.

नलूनं तो वाचून दाखवला तेव्हा भागोजी टपरीशी उभा होता.  कारागीर म्हणायचा, माती बघायला लागली की माणूस बघायचा थांबतो. कुणी तरी थांबलंच होतं शेवटी. त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "नले, वेणीतली अबोली दे."

"कशाला रं बाबा? आता सोताच्याच पायावर फूल घालनार?" नलूनं डोळे पुसत विचारलं.

तो जेट्टीच्या टोकाला गेला. पुतळ्याच्या पायाशी नाही, वर, गालावर, डाव्या डोळ्याखाली जिथं अंगठ्याचा ठसा सिमेंटात तसाच उतरला होता, तिथं त्यानं अबोली टेकवली. वाऱ्यानं ती पडली. पुन्हा टेकवली, पुन्हा पडली. मग त्यानं ती हातातच धरली आणि दोर अडकवायच्या जुन्या खुंटाला टेकून बसला. चांगला मांडी घालून बसला. फेरीबोट आली, गेली, पुन्हा आली. नलूनं चहा नेऊन दिला आणि पैसे घेतले नाहीत.